चीवरापुढे वाकलेला पंतप्रधान : एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके

नागपूर, मुंबई, पुणे, औरंगाबाद येथून दरवर्षी अनेक उपासक-उपासिका श्रीलंकेच्या धम्मसहलीला जातात. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, मिहिंतलेची टेकडी, कॅंडीचे दंतधातू विहार आणि कोलंबोजवळचे केळणिया विहार ही ठिकाणे बहुतेक सहलींत ठरलेली असतात. विमान उतरते ते कटुनायके येथे. त्या विमानतळाला बंदरनायके यांचे नाव आहे. हे बंदरनायके कोण, असे विचारले तर पुष्कळ जण सिरिमावो बाईंचे नाव घेतात, जगातील पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून. ते चूक नाही, पण विमानतळाला नाव आहे ते त्यांच्या पतीचे. आणि त्याच सहलीत आपण ज्या केळणिया विहारात वंदना घेतो, त्या विहाराच्या तेव्हाच्या प्रमुख भिक्खूला या माणसाच्या खुनाच्या कटासाठी शिक्षा झाली होती. सहलीचा मार्गदर्शक हे सहसा सांगत नाही. आपणही विचारत नाही. बौद्ध राष्ट्र म्हटले की आपल्याला अभिमान वाटतो आणि अभिमानाच्या जागी असे प्रश्न विचारणे बरे वाटत नाही.

सोलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके. 8 जानेवारी 1899 रोजी कोलंबोत जन्मलेल्या सिंहली मुलाचे हे पूर्ण नाव. त्यातील वेस्ट रिजवे हे त्या काळच्या इंग्रज गव्हर्नरचे नाव. वडील सर सोलोमन डायस बंदरनायके हे महामुदलियार होते, म्हणजे गव्हर्नरचे मुख्य देशी सल्लागार आणि दुभाषे. घराणे गोविगम जातीचे, म्हणजे सिंहली समाजातील वरच्या शेतकरी जातीचे, आणि धर्माने अँग्लिकन ख्रिस्ती. होरगोल्ला येथे मोठी जहागीर, नारळाच्या बागा, घोडे, इंग्रज पाहुणे. घरात बोलणे इंग्रजीत. सिंहली भाषा नोकरांशी बोलायची. पुढे ज्याने सिंहलीला देशाची एकमेव राजभाषा केले, त्या माणसाला तरुणपणी सिंहलीत धड भाषण करता येत नव्हते. हे त्याच्या विरोधकांनी त्याला मरेपर्यंत ऐकवले.

सेंट थॉमस कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्चमध्ये गेले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले अँथनी ईडन तेथे त्यांच्याच काळात शिकत होते. काळा म्हणून तेथे बाजूला पडण्याचा अनुभव आला. तो त्यांनी वक्तृत्वाने भरून काढला आणि ऑक्सफर्ड युनियनचे चिटणीस झाले. बॅरिस्टर होऊन 1925 मध्ये मायदेशी परतले. थोड्याच वर्षांत सूट-बूट टाकून पांढरा देशी पोशाख घातला, सिंहली शिकायला घेतली, चरखा आणि भातशेती यांवर लिहिले. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्म सोडून ते बौद्ध झाले.

हे धर्मांतर मनापासून होते की मतांसाठी? 1931 मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. भारताला त्यासाठी आणखी वीस वर्षे लागली. मतदारांत बहुसंख्य बौद्ध होते. त्या पिढीतील बरेच इंग्रजी शिकलेले ख्रिस्ती पुढारी मताधिकार आल्यावर बौद्ध झाले, म्हणून लोकांनी या लाटेला टोपणनावही दिले होते : डोनमोर बौद्ध, त्या वर्षीच्या राज्यघटनेच्या नावावरून. बंदरनायके त्यांतलेच, असे अनेकांना वाटे. माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांचे पुढचे कायदे पाहिले तर धम्म त्यांच्या डोक्यात शिरला होता असे दिसते. मात्र धम्म आणि बहुसंख्याकांचे राजकारण यांतला फरक त्यांनी वेळेवर ओळखला नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. 1926 मध्ये, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने वर्तमानपत्रात लेखमाला लिहून सिलोनसाठी संघराज्याची मागणी केली होती. सखल भागातील सिंहली, डोंगराळ कॅंडीचे सिंहली आणि तमिळ यांना आपापल्या प्रदेशात कारभार करू द्यावा, नाहीतर एकत्र नांदणे अवघड होईल, असा त्यांचा विचार होता. तेव्हा तमिळ पुढाऱ्यांनाही ही मागणी फारशी महत्त्वाची वाटली नाही. तीस वर्षांनी तमिळांनी तीच मागणी केली, तेव्हा बंदरनायके पंतप्रधान होते.

1936 मध्ये ते स्थानिक प्रशासन मंत्री झाले. सिंहल महासभा काढली. 1940 मध्ये सिरिमावो रत्वत्ते यांच्याशी लग्न झाले. त्या कॅंडीच्या जुन्या सरदार घराण्यातील, जन्माने बौद्ध. सुनेत्रा, चंद्रिका आणि अनुरा ही तीन मुले.

4 फेब्रुवारी 1948 रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके, आणि बंदरनायके त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व स्थानिक शासनाचे मंत्री. याच मंत्रिमंडळाने त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा केला आणि चहाच्या मळ्यांतील सुमारे 7 लाख भारतीय तमिळ मजूर एका फटक्यात कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. हे मजूर कोण होते? मोठा भाग तमिळनाडूतील पराया, पल्लर, चक्किलियर अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचा. दुष्काळाने आणि जातीने गावाबाहेर काढलेली ही आपलीच माणसे. शंभर वर्षे डोंगर साफ करून त्यांनी चहा लावला आणि स्वातंत्र्य आल्यावर त्यांचा मताधिकार गेला. बंदरनायके यांनी त्यावेळी राजीनामा दिला नाही. बौद्ध म्हणून आपण त्यांचे चरित्र वाचताना हे पान उलटून पुढे जाऊ नये.

सेनानायकेंनंतर आपण पंतप्रधान होऊ, ही त्यांची अपेक्षा. पण सेनानायकेंचा पक्ष, युनायटेड नॅशनल पार्टी, हा घरचाच कारभार होता. लोक त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला मामा-भाच्यांचा पक्ष म्हणत. मुलगा डड्ली आणि भाचा जॉन कोटेलावाला रांगेत उभे होते. जुलै 1951 मध्ये बंदरनायके विरोधी बाकांवर जाऊन बसले आणि सप्टेंबरमध्ये श्रीलंका फ्रीडम पार्टी स्थापन केली. पुढच्या मार्चमध्ये डी. एस. सेनानायके घोड्यावरून पडले आणि 22 मार्च 1952 रोजी वारले. डड्ली पंतप्रधान झाले. निवडणूक झाली, बंदरनायकेंच्या नव्या पक्षाला 9 जागा मिळाल्या. 1953 मध्ये डड्लींनी तांदळाचे अनुदान काढले, मापामागे 25 सेंटचा तांदूळ 70 सेंटवर गेला, देशभर हरताळ झाला, गोळीबार झाला, आणि खचलेल्या डड्लींनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. मग कोटेलावाला आले. त्यांची राहणी साहेबी. भिक्खूंना ते दुखवत आणि त्याचा त्यांना काही पश्चात्ताप नसे.

आता 1956. हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. बुद्धजयंतीचे 2500 वे वर्ष सर्व बौद्ध देशांत साजरे होत होते. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्याआधी 1950 मध्ये ते सिलोनला, कॅंडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला, जाऊन आले होते. त्याच 1956 च्या एप्रिलमध्ये सिलोनमध्ये निवडणूक झाली आणि तिथेही बुद्धाच्या नावाने लाट उसळली. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या, पण त्यांची जात वेगळी. इकडे ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी धम्म घेतला. तिकडे बहुसंख्याकांना आपला हिरावलेला मान परत हवा होता.

मान हिरावला गेला होता, हे खरे. इंग्रजी येणारे शंभरात दहाही नव्हते, पण सरकारी नोकरी, न्यायालय, दवाखाना सगळे इंग्रजीत. खेड्यातल्या सिंहली किंवा तमिळ माणसाला आपल्यावरचा खटला समजत नसे. मिशनऱ्यांच्या शाळांना सरकारी मदत, विहारांच्या शाळांची दुरवस्था. बौद्ध काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने त्या फेब्रुवारीत अहवाल काढून हे सगळे मांडले. बंदरनायकेंनी पाच शक्तींची हाक दिली : भिक्खू, वैद्य, गुरुजी, शेतकरी आणि कामगार. गावोगावचे भिक्खू प्रचाराला उतरले. त्यांच्या आघाडीचा सूत्रधार होता केळणिया विहाराचा प्रमुख मापिटिगम बुद्धरक्खित. पैसा, मोटारी, ओळखी सगळे त्याच्याकडे. 95 पैकी 51 जागा बंदरनायकेंच्या आघाडीला मिळाल्या. सत्ताधारी पक्ष 8 वर आला. 12 एप्रिल 1956 रोजी बंदरनायके सिलोनचे चौथे पंतप्रधान झाले. शपथविधीनंतर सामान्य माणसे संसदेत घुसली आणि सभापतींच्या खुर्चीवर बसून पाहू लागली, असे त्या काळचे वर्णन आहे. आपल्याला त्याचा आनंद समजू शकतो.

आश्वासन होते चोवीस तासांत सिंहली राजभाषा करण्याचे. जूनमध्ये कायदा आला. तमिळ भाषेच्या रास्त वापराची कलमे मसुद्यात घालायचा बंदरनायकेंचा विचार होता. त्याविरुद्ध एक विद्यापीठ अध्यापक संसदेच्या दारात उपोषणाला बसला, भिक्खू त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि पंतप्रधानांनी ती कलमे काढून टाकली. 5 जूनला तमिळ पुढारी समुद्राकाठच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसले, तेव्हा जमावाने त्यांना मारले. पोलिसांना हात घालू नका असे सांगितलेले होते. त्याच महिन्यात गल ओया खोऱ्यात दंगल होऊन माणसे मेली, बहुतेक तमिळ.

तरीही त्यांना केवळ भाषेच्या कायद्यावरून मोजणे अन्याय होईल. त्यांच्या साडेतीन वर्षांत त्रिंकोमालीचा नौदल तळ आणि कटुनायकेचा विमानतळ ब्रिटिशांकडून परत घेतला गेला. होय, तोच कटुनायके. बसवाहतूक आणि कोलंबो बंदरातील मालवाहतूक सरकारी झाली. फिलिप गुणवर्धने या डाव्या मंत्र्याने कुळांना संरक्षण देणारा भातजमिनींचा कायदा आणला. कामगारांना भविष्य निर्वाह निधी मिळाला. विद्योदय आणि विद्यालंकार या दोन जुन्या पिरिवेणांना विद्यापीठांचा दर्जा मिळाला. राहुल सांकृत्यायन विद्यालंकारातच शिकले आणि तेथेच भिक्खू झाले. पुढे नागपूरला आलेले भदंत आनंद कौसल्यायन याच विद्यापीठात हिंदी शिकवत होते.

दोन कायदे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावेत. पहिला 1957 चा सामाजिक अपात्रता प्रतिबंधक कायदा. जातीच्या कारणावरून कोणाला मंदिरात, हॉटेलात, विहिरीवर, शाळेत, वाहनात अडवणे हा त्याने गुन्हा ठरवला. भारतात अस्पृश्यता गुन्हे कायदा 1955 मध्ये झाला होता, त्याच्याच जवळचा हा. जाफन्याच्या दलित तमिळांनी पुढे मंदिरप्रवेशाच्या लढ्यात तो हत्यारासारखा वापरला. बौद्ध देशात जातीचा कायदा कशाला, असे कोणी विचारेल. श्रीलंकेतील सर्वात मोठा भिक्खुसंघ, सियाम निकाय, शतकांपासून फक्त गोविगम जातीच्या माणसाला उपसंपदा देत आला. इतर जातींच्या लोकांना त्यासाठी ब्रह्मदेशात जावे लागले आणि त्यातून अमरपूर निकाय निघाला. बंदरनायकेंचा कायदा हॉटेलापर्यंत पोहोचला, संघाच्या दारापर्यंत नाही. दुसरा कायदा 1958 चा : फाशीची शिक्षा स्थगित केली. पहिले शील राज्यालाही लागू असते, असे म्हणणारा पंतप्रधान बौद्ध देशांतही विरळाच.

जुलै 1957 मध्ये त्यांनी आपली चूक दुरुस्त करण्याचा मोठा प्रयत्न केला. तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी 26 जुलैला करार झाला. उत्तर व पूर्व भागात तमिळमध्ये कारभार, प्रादेशिक मंडळे, जमिनीवरील वसाहतींबाबत त्या मंडळांना अधिकार. 1926 चा तरुण त्यात पुन्हा दिसतो. हा करार टिकला असता तर पुढची पन्नास वर्षे वेगळी गेली असती असे मला ठामपणे वाटते. विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने कॅंडीपर्यंत निषेधयात्रा घेऊन निघाले. ती वाटेत अडवली गेली, पण विष पेरले गेले. 9 एप्रिल 1958 रोजी सकाळी सुमारे दोनशे भिक्खू पंतप्रधानांच्या रोझमीड प्लेसवरील घरासमोर येऊन बसले. करार फाडा, तेही लेखी द्या. दिवसभर ते हलले नाहीत. संध्याकाळी बंदरनायकेंनी करार रद्द केल्याचे लिहून दिले.

सहा आठवड्यांत देश पेटला. मे 1958 मध्ये गाड्या अडवून तमिळ प्रवाशांना मारले गेले, घरे जाळली, बदल्यात उत्तरेत सिंहलींवर हल्ले झाले. पंतप्रधान पाच दिवस निर्णय घेईनात. शेवटी 27 मेला आणीबाणी जाहीर झाली आणि सैन्य आले. शेकडो माणसे मेली. कोलंबोतील हजारो तमिळ निर्वासितांना जहाजांत घालून जाफन्याला पाठवावे लागले. एकाच देशाच्या नागरिकांना त्यांच्या घरातून उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायचे, हे सरकारनेच केले. ऑगस्टमध्ये तमिळ भाषेच्या मर्यादित वापराचा कायदा संमत झाला, तेव्हा तमिळ पक्षाचे खासदार स्थानबद्धतेत होते.

इकडे बुद्धरक्खिताला आपल्या कष्टाचे मोल हवे होते. त्याने व त्याच्या साथीदाराने जहाज कंपनी काढली होती आणि सरकारी तांदळाच्या वाहतुकीचे कंत्राट मागितले. साखर कारखान्याचाही डाव होता. बंदरनायकेंनी दोन्हीला नकार दिला. ज्या माणसाने भाषेपुढे आणि जमावापुढे मान तुकवली, तो पैशाच्या बाबतीत तुकला नाही. त्यांचा जीव गेला तो या नकारामुळे.

25 सप्टेंबर 1959. सकाळी रोझमीड प्लेसच्या घराच्या व्हरांड्यात भेटायला आलेली माणसे बसली होती. त्यांत तल्दुवे सोमाराम हा भिक्खू होता, आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक आणि डोळ्यांचा वैद्य. चीवरधारी माणसाची झडती कोण घेणार? पंतप्रधान त्याच्याजवळ आले, बोलले, आणि रीतीप्रमाणे वंदनेसाठी वाकले. सोमारामाने चीवरातून पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. पहारेकऱ्याने त्याच्यावर गोळी झाडून त्याला जखमी केले. रुग्णालयात नेताना आणि शस्त्रक्रियेनंतरही बंदरनायके शुद्धीवर होते. त्यांनी जनतेसाठी निरोप दिला. त्यात सूड घेऊ नका आणि मारणाऱ्यावर करुणा करा, अशी विनंती होती. हल्लेखोर भिक्खू होता असेही त्यात म्हटले नव्हते. चीवर घातलेला एक मूर्ख माणूस, एवढाच उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी, 26 सप्टेंबरला सकाळी ते वारले. वय साठ.

विनयात तिसरा पाराजिक आहे : मनुष्यवध करणारा, तो करवणारा भिक्खू संघात राहत नाही. त्यासाठी न्यायालयाची गरज नसते. न्यायालयानेही आपले काम केले. सोमाराम, बुद्धरक्खित आणि साथीदार जयवर्धन दोषी ठरले. बंदरनायकेंनी स्थगित केलेली फाशी त्यांच्याच खुनानंतर घाईने परत आणली गेली होती. नव्या कायद्याच्या शब्दांत खुनाचा कट बसत नव्हता, म्हणून अपिलात बुद्धरक्खित व जयवर्धन यांची फाशी जन्मठेपेवर आली. बुद्धरक्खित 1967 मध्ये तुरुंगात मेला. सोमारामाला 6 जुलै 1962 रोजी फाशी झाली. त्याआधी त्याने चीवर सोडले होते आणि बाप्तिस्मा घेतला होता. ख्रिस्ती म्हणून जन्मलेला पंतप्रधान बौद्ध म्हणून मेला आणि त्याला मारणारा भिक्खू ख्रिस्ती म्हणून मेला.

पंतप्रधानपदाची पुढची कथा झपाट्याने गेली. विजयानंद दहनायके यांनी सहा महिने कसेबसे काढले. मार्च 1960 मध्ये डड्ली सेनानायके पुन्हा आले आणि चार महिन्यांत गेले. 21 जुलै 1960 रोजी सिरिमावो बंदरनायके पंतप्रधान झाल्या. त्यांनी त्यापूर्वी कधी निवडणूक लढवली नव्हती. 1965 पर्यंत, मग 1970 ते 1977, आणि म्हातारपणी 1994 ते 2000. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत, 1964 मध्ये, लालबहादूर शास्त्रींशी करार होऊन मळ्यांतील सव्वापाच लाख मजुरांना भारतात पाठवायचे ठरले. त्या मजुरांना कोणी विचारले नाही. 1972 च्या घटनेने बौद्ध धर्माला देशात अग्रस्थान दिले. 1978 मध्ये जयवर्धने, तेच कॅंडी यात्रेचे जयवर्धने, राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंतप्रधानपद दुय्यम झाले. त्या वर्षी रणसिंघे प्रेमदासा पंतप्रधान झाले, तेव्हा कुठे हे पद गोविगम जातीच्या बाहेर गेले. स्वातंत्र्याला तीस वर्षे झाली होती. 1983 मध्ये यादवी सुरू झाली आणि ती 2009 च्या मे महिन्यात रक्ताच्या थारोळ्यात संपली. मुलगी चंद्रिका 1994 मध्ये आधी काही महिने पंतप्रधान, मग अकरा वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिली. तिने तमिळांना अधिकार देणारी योजना मांडली. वडिलांच्या कराराशी तिचे नाते उघड होते. तीही भिक्खूंच्या आणि विरोधी पक्षाच्या विरोधात अडकली.

बंदरनायकेंची समाधी होरगोल्ला येथे, कोलंबो-कॅंडी रस्त्याच्या कडेला आहे. 2000 मध्ये सिरिमावो बाईंनाही त्यांच्या शेजारी ठेवले. दंतधातूच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या सहलींच्या बसगाड्या त्याच रस्त्याने, त्या समाधीवरून पुढे जातात.